तुमच्या बसथांब्यावर माणसं नव्हती

सुभेदार, परवा तुमच्या दारात एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी चपला काढत होते. एक पाय फरशीवर, एक अजून चपलेत, अशी अर्धवट उभी राहिले आणि म्हणाले, "आम्ही एका वर्गात होतो."

त्या बाई तुमच्या गावाकडच्या असाव्यात, सटाण्याच्या बाजूच्या. त्यांनी माझे अर्धे पिकलेले केस बघितले, पर्स बघितली, रिकामा गळा बघितला. सत्तरीला टेकलेल्या फौजी माणसाची वर्गमैत्रीण, तीही त्याच्याहून चांगली पंधरा-सोळा वर्षांनी लहान! त्यांना वाटलं असणार, ही चुकीच्या घरात आली. "बसा हं," म्हणाल्या आणि आत गेल्या. कुठे बसू ते काही सांगितलं नाही. आतल्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांतली प्रत्येक कुणाची तरी कोणीतरी होती. मी व्हरांड्यातच उभी राहिले.

पुरुषमंडळी तुम्हाला घेऊन केव्हाच गेली होती. सकाळी मी तुमची तब्येत विचारायला फोन केला होता. तुमच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा गेले हो पहाटे," आणि मग रडता रडता, "कोण बोलतंय?" मी नाव सांगितलं. त्यांना ते ऐकल्यासारखं वाटलं नाही. नाशिकरोडहून तुमच्या घराकडे जाणारी कॅम्पाची बस लवकर मिळेना, मिळाली ती भरलेली. मी पोचले तेव्हा अंगणात नुसती विस्कटलेली फुलं होती.

तुमचं घर मी पहिल्यांदाच बघितलं. इतक्या वर्षांत तुम्ही कधी बोलावलं नाहीत आणि मीही कधी येते म्हटलं नाही. भिंतीवर तुमचा वर्दीतला फोटो, चौकटीतली पदकं, नातवाचं कसलंसं बक्षीस. चित्र एकही नाही. मी हळूच आतल्या भिंतीपर्यंत नजर टाकली. तिथेही नव्हतं. अर्धा तास उभी राहून, कुणाचा निरोप न घेता निघून आले. निरोप घ्यायचा कुणाचा?

म्हणून हे लिहिते आहे. तिथे बोलता आलं नाही ते तुमच्याशीच बोलते.

तुम्ही क्लासला आलात तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवसापर्यंत तिथे मी एकटीच मोठी होते. आई जाऊन काही महिने झाले होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर कानाला माणसं चिकटलेली, ट्रंककॉलवर भांडणारी, रडणारी, भाव विचारणारी. पण चेहरा एकाचाही नाही. घरी यावं तर तिथे आवाजसुद्धा नाही. पंचवटीत एका धान्याच्या दुकानावर, लाकडी जिन्यानं वर गेलं की सरांचा चित्रकलेचा क्लास होता. सर शाळेतून निवृत्त झालेले. जुन्या वळणाचे. रंगाला हात लावू द्यायच्या आधी वर्ष वर्ष पेन्सिल घासायला लावणारे. मी नाव घातलं तेव्हा अडतीस वर्षांची होते. बाकीची सगळी आठवी-नववीतली मुलं. ती मला मावशी म्हणायची आणि माझं रबर न विचारता घ्यायची.

तुम्ही आलात ते कडक इस्त्रीची पँट घालून. बाहेर मुलांच्या चपलांचा ढीग पडलेला असायचा, त्याच्या शेजारी तुमचे बूट टाचेला टाच लावून उभे. सरांनी विचारलं, "नातवाला घालायचंय का क्लासला?"

"नाही. मला घालायचंय," तुम्ही म्हणालात. इतक्या मोठ्यानं, की सगळा वर्ग माना वर करून बघायला लागला. तोफांनी तुमचा डावा कान नेला होता आणि उजव्याचा निम्मा, हे आम्हाला नंतर कळलं. स्वतःचा आवाज किती चढलाय याचा तुम्हाला अंदाजच नसायचा.

सरांनी तुम्हाला माझ्या डावीकडे बसवलं. चित्रकलेच्या वर्गात जो लाकडी लांबट बाक असतो, ज्यावर घोड्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि समोरच्या आडव्या फळीला बोर्ड टेकवायचा, त्याला डाँकी म्हणतात. मी साडी नेसून त्यावर एका अंगानं बसायची. तुम्ही स्वार झाल्यासारखे बसलात. उजवा कान माझ्याकडे आला. मी म्हटलं, "पेन्सिलीला टोक लांब काढा, सरांना तसंच लागतं." तुम्ही माझ्याकडे वळलात. चेहऱ्यावर नवल.

"मॅडम, तुमचं बोलणं मला ऐकू आलं."

"मग?"

"हळू बोललात तरी ऐकू आलं."

माझं ते काम होतं सुभेदार. खरखरणाऱ्या लायनीवरून समोरच्याला ऐकू जाईल असं बोलायचं. ओरडायचं नाही, शब्द सुटे करून ठेवायचे. त्या नोकरीचा मला आयुष्यात झालेला एवढा एकच फायदा.

मग नाक फुटलेलं ते प्लास्टरचं डोकं आपण किती महिने काढलं! सर म्हणायचे, "जे हलत नाही ते आधी काढा. हलणारं नंतर." उजेड खिडकीतून डावीकडून येणार, कपाळावर पडणार, गालाखाली सावली. ती सावली एकसारखी घासायची, कागदाचा कण दिसता कामा नये. मुलं कंटाळून एकेक करून देखाव्यांवर गेली. आपण दोघंच त्या डोक्यासमोर उरलो. तुम्ही एक डोळा मिटून हात लांब करायचात आणि पेन्सिलीनं मोजायच्या ऐवजी बोटं धरायचात. दोन बोटं, तीन बोटं, मूठ. सरांनी विचारलं तेव्हा म्हणालात, "सर, आमच्याकडे अंतर असंच काढतात." सरांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "इथे पेन्सिलच." तुम्ही "जी" म्हणून पेन्सिल धरलीत आणि सरांची पाठ वळली की परत बोटं.

चुकलं की तुमच्या तोंडून गावाकडची बोली निघायची. "काय शे हाई!" तेही गरजून. पोरांनी ते लगेच उचललं. वर्षभर त्या वर्गात कुणाचीही रेघ वाकडी गेली की सगळे एका सुरात "काय शे हाई!" म्हणायचे, आणि तुम्हाला ते ऐकूच जायचं नाही. मला फार हसू यायचं. आई गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती तिथे.

आपलं भांडण मात्र पहिल्यापासून होतं. मी कुणाचंही चित्र काढलं की ते गोड व्हायचं. फुटलेलं नाकसुद्धा मी जरा बरं करायची. तुम्ही माझ्या कागदावर वाकून बघायचात आणि म्हणायचात, "मालतीबाई, तुम्ही सगळ्यांना एकाच आईची लेकरं करता." मी चिडायची. म्हणायची, "आणि तुम्ही सगळ्यांचा पंचनामा करता." तुमचं म्हणणं एकच: जे दिसतं ते काढायचं, दिसत नाही ते काढायचं नाही. माझं म्हणणं, मग फोटो काय वाईट? ते भांडण कधी संपलं नाही.

सरांनी आपल्याला रीतसर परीक्षांना बसवलं. शिकायचं तर सगळं पहिल्या पायरीपासून, म्हणून एलिमेंटरी. मुलांसाठीची परीक्षा, आणि आपण दोघं! शाळेच्या फाटकावर शिपायानं अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं." तुम्ही खिशातून हॉलतिकीट काढून त्याच्यापुढे धरलंत आणि सावधानमध्ये उभे राहिलात. तो ते वाचून तुमच्याकडे बघत राहिला. आत बाक इतके लहान की तुमचे गुडघे मावेनात. तुम्ही पूर्ण वेळ पाय बाजूला काढून, तिरके बसलात. पर्यवेक्षक बाई तुम्हाला दोनदा "काका, पाणी हवंय का" विचारून गेल्या. वस्तुचित्राच्या पेपरात तुमची बादली आणि वांगी अशी उतरली की पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून बघत बसली.

मग स्मरणचित्राचा पेपर झाला. विषय होता, बसथांबा. समोर काही नाही, आठवून काढायचं. मी शाळकरी मुली काढल्या, डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई काढली, एक कुत्रं काढलं. बाहेर येऊन आपण चहाच्या टपरीवर उभे राहिलो. मी विचारलं, "तुम्ही काय काढलंत?"

"शेड काढली. पाटी काढली. मागे कडुनिंब. रस्ता."

"आणि माणसं?"

"माणसं नाही काढली."

"बसथांबा आहे आणि माणसं नाहीत?"

तुम्ही चहाचा घोट घेतलात. "बस येऊन गेली होती."

मला इतकं हसू आलं की चहा साडीवर सांडला. तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. आपण पास झालो, दोघंही अगदी काठावर. माझी बादली कलली होती आणि तुमच्या बसथांब्यावर माणसं नव्हती.

त्याचं कारण मला कळलं ते पुढे दोन-एक वर्षांनी. तोवर आपण पुढची इंटरमीजिएट परीक्षाही उरकली होती आणि सर आपल्याला माणसांवर घेऊन आले होते. हेड स्टडी. रविवारी सकाळी सर खाली बाजारातून कुणाला तरी वर आणायचे. एखादा गुरव, एखादी फुलं विकणारी म्हातारी, टांगा बंद पडल्यामुळे रिकामा झालेला टांगेवाला. ती माणसं खुर्चीवर अवघडून बसायची आणि आपण कोळशाच्या कांडीनं त्यांना कागदावर घ्यायचो. तुम्ही म्हाताऱ्या बायका काढताना वेगळेच व्हायचात. एकेका सुरकुतीजवळ थांबायचात. एका रविवारी कुणीच आलं नाही. सर म्हणाले, "मग तुम्ही दोघं एकमेकांना काढा," आणि देवाला निघून गेले.

आधी मी बसले नाही, तुम्ही बसलात. चांगला कान माझ्याकडे करून. मी कपाळापासून सुरुवात केली आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "फौजेत चित्रं काढायचात का?"

तुम्ही हलला नाहीत. मॉडेल म्हणून तुमच्यासारखं स्थिर कुणी बसलं नाही. समोर खिडकीकडे बघत बोललात. तुमचे शब्द मी आठवून लिहिते आहे, तेव्हा चुकले तर मला दुरुस्त करायला तुम्ही नाही.

"मालतीबाई, तोफा मागे लांब असतात. त्यांना समोरचं दिसत नाही. पुढे एक माणूस बसतो, टेकडीवर, झाडोऱ्यात. त्यानं बघायचं आणि कागदावर उतरवायचं. टेकडीची रेघ, नाला, एकटं झाड, घर. म्हणजे मागच्यांना कळतं कुठे काय आहे. माझा हात बरा होता. साहेब लोक म्हणायचे, इसका हाथ देखो."

मी म्हटलं, "अरे वा."

"एक घर होतं. बाजूला झाड. दारात एक बाई बसली होती. काहीतरी पाखडत होती, नाहीतर निवडत होती. लांबून नुसते हात हलताना दिसायचे. मी घर काढलं. झाड काढलं. बाई नाही काढली. त्या कागदावर माणूस काढायचा नसतो. त्याचं तिथे काम नसतं."

"मग?"

"मग मागे कळवलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी भांड्याला कल्हईची आरोळी देत होतं. 

"ती बाई?" मी विचारलं.

"माहीत नाही. धूर होता. मग आम्ही पुढे सरकलो. आधीच उठून गेली असेल. शेतात गेली असेल. माहीत नाही."

"चेहरा दिसला होता तिचा?"

"नाही," तुम्ही म्हणालात. "तेच तर."

त्यानंतर तुम्ही उठलात, शर्ट खाली ओढून सारखा केलात आणि म्हणालात, "चला. आता तुम्ही बसा."

मी बसले. तुम्ही काढत राहिलात. उजेड सरकला तरी थांबला नाहीत. बोर्ड फिरवून दाखवलात तेव्हा मला धक्काच बसला. एक बाई होती. खांदे पुढे आलेले, ओठ घट्ट, डोळे कुणाची तरी वाट बघून थकलेले. ओळखू येत होती ती मीच. मला रागच आला. एक्स्चेंजमध्ये सगळ्या मला हसरी म्हणायच्या.

"मी अशी दिसते?"

"आत्ता दिसताय."

"जरा हसरी करा की."

"तुम्ही हसलात की करतो."

ते चित्र मी घेतलं नाही. तुम्ही देतो म्हणालात, मी नको म्हटलं. आता वाटतं, मला तसं बघणारे तुम्ही पहिले आणि बहुतेक शेवटचे. आईसुद्धा मला बघायची ती, ही जेवली का, एवढ्यापुरतं.

माझं ऑपरेशन झालं ते त्याच्या पुढच्या वर्षी. पोटाचं. भाऊ ठाण्याला, त्याच्या मुलाची परीक्षा. मी कुणालाच कळवलं नव्हतं. सरांना तेवढी क्लास बुडणार म्हणून चिठ्ठी पाठवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही वॉर्डात हजर, काखेत बोर्ड. स्टूल ओढलंत आणि बसलात. कसं वाटतंय वगैरे काही विचारलं नाहीत. माझा आवाज उतरला होता, मी बोलले असते तरी तुम्हाला ऐकू गेलं नसतं. तुम्ही सलाइनचा स्टँड काढलात, लोखंडी कपाट काढलंत, खिडकीच्या गजावर वाळत टाकलेला कुणाचा तरी टॉवेल काढलात. भेटीची वेळ संपेपर्यंत काढत बसलात आणि रोज येत राहिलात. मी डोळे मिटून कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज ऐकत पडायची. त्या आवाजासाठी मी तुमचे आभार कधीच मानले नाहीत. मानायला पाहिजे होते असंही नाही. पण आज मानते.

नर्सनं विचारलं, "भाऊ का तुमचे?" मी नाही म्हटलं. तिनं पुढे विचारलं नाही, पण तिच्या भुवया मला दिसल्या. तुम्हालाही दिसल्या असाव्यात. नाहीतर श्रावणात, क्लास सुटल्यावर जिना उतरताना तुम्ही ते बोलला नसतात.

"मालतीबाई, राखी बांधत जा मला. लोकांची तोंडं बंद होतील."

तुमच्या डोक्यात सरळ हिशोब होता. मला भाऊ आहे आणि मी त्याला पोस्टानं राखी पाठवते, असं मी सांगितलं. "आणखी एक चालतो की," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "नको." तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत. का नको, हे तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी सांगू शकले असते का, कोण जाणे. तुमच्या पत्नी होत्या तेव्हा, आणि तुम्ही त्यांच्याबद्दल बोलायचात ते मनापासून. मला त्यातलं काही हवं नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की आपण जे होतो ते तसंच राहावं, त्याला दुसऱ्याच कुणाचं नाव देऊन झाकू नये. रविवारी सकाळी दोन माणसं शेजारी बसून एकाच गोष्टीकडे बघतात, त्याला आपल्याकडे नाव नाही.

परवा व्हरांड्यात उभी असताना मात्र मनात आलं, बांधली असती राखी तर आज आतल्या खोलीत जागा असती. कुणीतरी सरकून घेतलं असतं. "ही त्यांची मानलेली बहीण," म्हणून पाण्याचा तांब्या पुढे केला असता. एक दोरा बांधायचा होता फक्त. तरीही मी बांधला नाही याचं मला वाईट वाटत नाही, सुभेदार. वाईट वाटतं ते वेगळंच आहे.

सर पुण्याला मुलाकडे गेले आणि वरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास आला. डाँकी कुणी नेल्या कळलं नाही. आपण मग गंगेवरच्या, नदीकाठच्या भाजीबाजारात बसायला लागलो. पाठ दगडी पायरीला, मांडीवर बोर्ड. सिंहस्थाच्या वर्षी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तेवढं वर्ष सोडलं तर रविवार चुकला नाही. माझं एक्स्चेंज बदललं, ट्रंककॉल संपले, लोकांच्या खिशात फोन आले. मला चौकशीच्या टेबलावर बसवलं, तिथे कुणी चौकशीला येत नसे. तुमच्या पत्नी गेल्या. त्या वेळी तुम्ही दोन रविवार आला नाहीत आणि तिसऱ्या रविवारी नेहमीच्या वेळी येऊन बसलात. मी शेजारी बसून कोथिंबिरीची जुडी काढत राहिले.

एवढ्या वर्षांत तुम्ही बाजारातली प्रत्येक बाई काढलीत. वांगी विकणारी, फुलांच्या पाट्या घेऊन येणारी, भाव करणारी, पोराला पाजणारी. शंभरदा सांगूनही तुम्ही कल्पनेतली एक रेघ मारली नाहीत. आणि या हिवाळ्यात मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सुभेदार, एवढ्या बायका काढल्यात. तिला कधी काढणार?"

तुम्ही ऐकलंत. माझं तुम्हाला नेहमी ऐकू यायचं.

"तिला बघितलं नाही मी."

"म्हणून काय झालं? हात बघितलेत ना? हात काढा. दार काढा. चेहरा तुमच्या मनानं काढा. चुकू दे."

"चुकायचं नाही तिथे."

"आधीच चुकलंय," मी म्हणाले.

तुम्ही कागद गुंडाळलात, कांड्या डबीत भरल्यात, उठून उभे राहिलात. आपण रविवारी नेहमी चहा घ्यायचो, त्या दिवशी घेतला नाही. तुमची ताठ पाठ मी पुलापर्यंत जाताना बघितली. पुढच्या रविवारी तुम्ही आलात, "आज थंडी आहे" म्हणालात, आणि एका मुळेवालीसमोर बसलात. त्यावर आपण पुन्हा बोललो नाही. मी बरोबर बोलले असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. वाद घालायचा राहिला आहे एवढंच. तुम्ही नंतर कधी, घरी एकटे असताना, ती काढून पाहिलीत का? मला कधी कळणार नाही. तुमच्या घरात जाऊन विचारायला मी कोण?

मग तुम्ही यायचे थांबलात. मी फोन केला. सूनबाई म्हणाल्या, "बाबांना फोनवर ऐकू येत नाही हो." मी म्हटलं, "देऊन तर बघा." तुम्ही आलात फोनवर. श्वास लागला होता.

"मालतीबाई, स्पष्ट ऐकू येतंय."

"कसं आहे?"

"ठीक. येतो रविवारी. पालेभाजीच्या ओळीत बसू, तिकडे उजेड चांगला पडतो."

"या," मी म्हटलं.

एवढंच. आणखी काय बोलले असते? लाइन मोकळी होती, मला घाई नव्हती, आणि तरी मी "या" म्हणून फोन ठेवला.

काल रविवार होता. घरी बसवेना. बोर्ड घेतला, बसनं निमाणीला उतरले आणि चालत बाजारात गेले. पालेभाजीच्या ओळीत एक मखमलाबादकडची बाई बसते, मेथी-शेपू घेऊन, ठसठशीत नाकाची. तिच्यासमोर जागा होती. मी कागद लावला, पण हात उचलेना. शेजारी कुणी नव्हतं. इतकी वर्षं मी चित्र काढत होते असं समजत होते. काल कळलं, मी कुणाच्या तरी शेजारी बसून चित्र काढत होते.

ती बाई मेथीच्या जुड्या लावत होती. मग म्हणाली, "आज एकल्याच? ते बहिरे बाबा नाय आले?"

सुभेदार, तुम्ही गेल्यापासून मला तुमच्याबद्दल कुणी विचारलेलं ते पहिलं वाक्य.

"गेले," मी म्हणाले. 

तिच्या हातात जुडी होती, ती तशीच राहिली. "आगं माय," म्हणाली. "कवा?" मी सांगितलं. "माझं थोबाड काढलं व्हतं त्यांनी. मी म्हनलं, बाबा, नाक लय मोठं काढलं. तर म्हनले, हाय तेवढंच काढलं." ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. मग शेजारचं रिकामं पोतं झटकून अंथरलं, त्यावर हात आपटला. "या इथं. बसा. कशानं गेले ते सांगा मला नीट."

मी बोर्ड बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसले आणि सांगायला लागले. छातीचं दुखणं, फोन, बस न मिळणं. बोलता बोलता रडू आलं, तेव्हा तिनं माझी पाठ धरली. तिच्या हाताला मातीचा आणि शेपूचा वास होता. समोर एक गृहस्थ पिशवी उघडून उभे होते, मेथी कशी दिली म्हणून दोनदा विचारून झालं होतं. तिनं त्यांच्याकडे मान वर करून बघितलं.

"थांबा जरा दादा," ती म्हणाली. "आमचं मानूस गेलंय."